सुऱ्या घडवणाऱ्याचा मुलगा

मोजे विणण्याचे यंत्र चालू असताना पाहून कळत नाही. सुया, आकड्या, पट्ट्या सगळे एकाच झटक्यात हलते आणि आपल्याला दिसतो तो फक्त लांबत जाणारा मोजा. म्हणून पॅरिसमधल्या बार्रा नावाच्या एका कसबी विणकराने १७५० च्या आसपास आपले यंत्र एका लेखकासमोर खोलले. मग जोडले. पुन्हा खोलले, पुन्हा जोडले. लेखकाला ते उमजेपर्यंत हे चालले. ज्या ग्रंथासाठी ही खटपट झाली त्याच्या प्रस्तावनेत पुढे बार्राचे नाव आदराने छापले गेले. विद्वानांच्या ग्रंथात एका मोजेवाल्याचा असा उल्लेख होणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

लेखक होता दनी दीद्रो आणि ग्रंथ ‘आँसिक्लोपेदी’, म्हणजे विश्वकोश. अठराव्या शतकातल्या युरोपच्या विवेकयुगाबद्दल बोलताना आपण बहुधा मोठ्या नावांपासून सुरुवात करतो. व्हॉल्तेअर, माँतेस्क्यू, रूसो, ह्यूम, कांट. मग त्यांचे सिद्धान्त, त्यांची भांडणे, सरदारांच्या दिवाणखान्यांत रंगलेल्या त्यांच्या चर्चा. ते महत्त्वाचे आहेच. पण मला विचाराल तर या युगाची खरी ओळख त्या खोललेल्या यंत्रासमोर बसलेल्या माणसाकडे पाहून पटते. ‘हे असे का? आणि तुला ते कशावरून कळले?’ हा प्रश्न त्याने धर्मशास्त्राला, राजसत्तेला आणि मोज्याला सारख्याच गांभीर्याने विचारला.

दीद्रोचा जन्म ५ ऑक्टोबर १७१३ चा, लाँग्रचा. पूर्व फ्रान्समधले टेकडीवर तटबंदीच्या आत वसलेले हे गाव चाकू-सुऱ्यांसाठी नावाजलेले होते. वडील दिदिए दीद्रो तिथले मुरब्बी कारागीर. शस्त्रक्रियेची हत्यारे ही त्यांची खासियत. पात्याला पाणी नीट दिले नाही तर धार टिकत नाही, आणि वैद्याच्या हातातली धार गेली तर भोगावे लागते रोग्याला. ज्या घरात ही जबाबदारी रोजची होती, त्या घरात हा मुलगा वाढला.

मुलगा हुशार निघाला, जेझुइटांच्या शाळेत बक्षिसे मिळवू लागला, तेव्हा तो चर्चमध्ये जाईल असे घरच्यांना वाटले. बाराव्या-तेराव्या वर्षी त्याच्या टाळूवरचे केसही विधिपूर्वक कातरले गेले. पुढे तो पॅरिसला शिकायला गेला, १७३२ मध्ये विद्यापीठाची पदवी घेतली आणि मग ना पाद्री झाला, ना वकील. दहा वर्षे शिकवण्या, भाषांतरे, दुसऱ्यांना प्रवचने लिहून देणे, असे मिळेल ते काम करत राहिला. लग्नाला संमती मागायला गावी गेला, तर वडिलांनी त्याला एका मठात डांबून ठेवले. तिथून तो निसटला आणि १७४३ मध्ये पॅरिसला परतून गुपचूप लग्न केले. बापलेकाचे संबंध असे ताणलेले होते. तरीही दीद्रो आयुष्यभर वडिलांविषयी अभिमानाने बोलत आला. गावातल्या कुणीतरी त्याला तोंडावर सांगितले होते की तू भला माणूस आहेस, पण बापाची सर तुला यायची नाही. हा किस्सा तो स्वतः आनंदाने सांगे.

‘आँसिक्लोपेदी’भोवती जमलेली इतर माणसेही पाहण्यासारखी आहेत. दीद्रोचा सहसंपादक झाँ दालांबेर हा मोठा गणितज्ञ. १७१७ मध्ये पॅरिसच्या एका चर्चच्या पायरीवर सोडून दिलेले हे मूल एका काचकाम करणाऱ्याच्या बायकोने वाढवले. विज्ञान अकादमीत स्थान मिळाल्यावरही तो कित्येक वर्षे तिच्याच घरी राहिला. संगीतावरच्या नोंदी लिहिणारा रूसो जिनीव्हाच्या घड्याळजीचा मुलगा. सुरी, काच, घड्याळ. या तिघांनी विचार करायला ग्रंथालयात सुरुवात केली असेल, पण एखादी वस्तू हाताने नीट होते म्हणजे काय, हे त्यांनी लहानपणीच पाहिलेले होते.

हाताने मिळणाऱ्या ज्ञानाचे दीद्रोला असलेले वेड त्याला तुरुंगापर्यंत घेऊन गेले. १७४९ मध्ये त्याने ‘आंधळ्यांविषयी पत्र’ नावाचे छोटे पुस्तक निनावी छापले. जन्मांध माणसाला जग कसे कळते, हा त्याचा विषय. जग बोटांनी वाचणाऱ्याची नीतीची, लाजेची, सौंदर्याची कल्पना डोळस माणसाहून वेगळी असेल का? पुस्तकात निकलस सॉन्डरसन येतो. हा केंब्रिजचा खराखुरा गणिताचा प्राध्यापक, एकेकाळी न्यूटन ज्या आसनावर बसला त्याच आसनावर बसलेला, आणि लहानपणीच दृष्टी गेलेला. दीद्रोने त्याच्या मरणशय्येवरचा एक संवाद कल्पिला. भेटायला आलेला पाद्री सृष्टीची शोभा हा ईश्वराचा पुरावा म्हणून पुढे करतो आणि सॉन्डरसन म्हणतो, मला ती शोभा दिसत नाही, ईश्वर मानायचा तर तो मला स्पर्शाने कळू द्या. एवढे पुरेसे होते. २४ जुलैला पोलीस दीद्रोच्या दारात आले आणि त्याला व्हँसेनच्या किल्ल्यात नेऊन एकांतकोठडीत टाकले.

त्याच्या मुलीने नंतर लिहून ठेवलेल्या आठवणींप्रमाणे, कोठडीत लिहायला काही नव्हते तेव्हा त्याने पाटीच्या दगडाची भुकटी वाइनमध्ये कालवून शाई केली आणि दात कोरायच्या काडीची लेखणी. काही आठवड्यांनी त्याने नमते घेतले, पुस्तके आपलीच असल्याचे कबूल केले, पुन्हा असे न करण्याचे वचन दिले. मग बंधने सैल झाली, मित्रांना भेटायला येता येऊ लागले. त्याला भेटायला पायी निघालेल्या रूसोला वाटेत एका नियतकालिकात दिजाँच्या अकादमीचा निबंधविषय दिसला आणि त्यातून रूसोचे सारे पुढचे लेखन सुरू झाले, ती हकिगत अनेकांना ठाऊक असेल. ३ नोव्हेंबरला दीद्रो सुटला. सुटकेसाठी सर्वांत जास्त धडपड केली ती पुस्तकविक्रेत्यांनी. त्यांचे भांडवल या कैद्यात अडकले होते.

व्यापार म्हणूनच ‘आँसिक्लोपेदी’ची सुरुवात झाली होती. लंडनला १७२८ मध्ये एफ्राइम चेंबर्सने दोन खंडांचा एक कोश काढला होता आणि तो चांगला खपला होता. त्याचे फ्रेंच भाषांतर करून पैसे मिळवावे असे पॅरिसचा मुद्रक ल ब्रताँ याला वाटले. पहिल्या भाषांतरकाराशी त्याचे इतके बिनसले की गोष्ट छडीच्या मारापर्यंत आणि कोर्टापर्यंत गेली. दुसरा संपादक वर्षभरात निघून गेला. १७४७ मध्ये दीद्रो आणि दालांबेर यांच्याकडे काम आले, आणि भाषांतराचा बेत मागे पडून पूर्ण नव्या ग्रंथाची आखणी सुरू झाली. दहाएक खंडांत आटोपेल असे सुरुवातीला सांगितले होते. प्रत्यक्षात मजकुराचे १७ आणि चित्रपत्रांचे ११ असे २८ मोठे खंड झाले, नोंदी सुमारे ७२,००० भरल्या, आणि पहिल्या खंडापासून शेवटच्या चित्रखंडापर्यंत १७५१ ते १७७२ अशी २१ वर्षे गेली. दीद्रो कामाला लागला तेव्हा ३४ वर्षांचा होता. संपले तेव्हा त्याची साठी जवळ आली होती.

पहिल्या खंडात ज्ञानाचा एक वृक्ष छापला आहे. बेकनची मांडणी घेऊन त्यांनी मानवी बुद्धीच्या तीन शक्ती मानल्या, स्मृती, विवेक आणि कल्पना, आणि त्यांतून अनुक्रमे इतिहास, तत्त्वज्ञान आणि काव्य अशा फांद्या काढल्या. तोपर्यंत सर्व विद्यांची राणी मानले गेलेले धर्मशास्त्र या वृक्षावर विवेकाच्या फांदीखाली एक डहाळी होऊन बसले. त्याला लागूनच शकुन आणि काळी जादू. कुठेही एक शब्द वावगा लिहिलेला नाही. जागा तेवढी बदलली. सुतारकाम, कातडी कमावणे, काच फुंकणे ही कामे मात्र इतिहासाच्या मोठ्या फांदीखाली ऐटीत पसरली आहेत. निसर्गाचा माणूस कसा उपयोग करतो त्याचा इतिहास म्हणून.

या कामांची माहिती जमवणे हा साऱ्या उद्योगातला सर्वांत अवघड भाग होता आणि दीद्रोने तो स्वतःकडे घेतला. विद्वानांनी हाताच्या कामावर पूर्वी फारसे लिहिलेले नव्हते. जे लिहिले होते ते अपुरे किंवा चुकीचे. म्हणून तो आणि त्याचे साथीदार कारखान्यांत गेले. कारागीर बोलायला तयार नसत, कारण कारागिरांच्या संघांच्या नियमांत कसब हे गुपित होते आणि गुपित हीच पोटाची शाश्वती. शिवाय बोलायला तयार झालेल्यालाही सांगता येईलच असे नाही. हजारांत डझनभर माणसे सापडतात ज्यांना आपण काय करतो ते स्पष्ट सांगता येते, अशी दीद्रोने नोंद केली आहे. काही जण चाळीस वर्षे एकाच यंत्रावर काम करूनही ते यंत्र जाणत नव्हते. हातांना ठाऊक, जिभेला नाही. मग सुईणीने करावे तसे ते ज्ञान बाहेर काढावे लागे. तोच तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, उत्तर लिहून दुसऱ्या कारागिराला दाखवायचे, जमल्यास स्वतः ते काम करून पाहायचे. शब्दांचाही घोळ होता. एकाच हत्याराला तीन कारखान्यांत तीन नावे, आणि एकाच नावाची पाच हत्यारे. ज्याने आपल्याकडे कधी सुताराशी किंवा गवंड्याशी त्याच्या हत्यारांविषयी बोलून पाहिले आहे, त्याला ही अडचण लगेच कळेल.

जे शब्दांत मावत नव्हते ते चित्रांत आले. लुई-झाक गूसिए नावाच्या चित्रकाराने एकट्याने नऊशेच्या वर चित्रपत्रांची रेखाटने केली. माँतार्जिसजवळच्या कागदाच्या कारखान्यात जाऊन राहिला, पाहिले, काढले. प्रत्येक चित्राची रचना साधारण सारखी आहे. वरच्या भागात कारखान्याचे दृश्य, माणसे काम करताना. खालच्या भागात त्याच कामाची हत्यारे एकेक सुटी करून, मोजमापासह मांडलेली. आधी सगळे काम चाललेले दिसते आणि मग ते आपल्यासमोर उलगडते. बार्राने यंत्र खोलून दाखवले, तेच तांब्याच्या पत्र्यावर अडीच हजारांहून अधिक वेळा कोरून ठेवले आहे. यातली काही चित्रे विज्ञान अकादमीच्या जुन्या संग्रहातून उचलली असल्याचा आरोप झाला होता, आणि तो निराधार नव्हता. एवढे सांगितले पाहिजे.

यातून काय साधले, याचे एक उदाहरण टाचणीचे. अलेक्झांडर दलेर याने लिहिलेल्या नोंदीत तार ओढण्यापासून पुड्यात भरेपर्यंत टाचणी १८ क्रियांमधून कशी जाते ते दिले आहे. वीस वर्षांनी, १७७६ मध्ये, ॲडम स्मिथने श्रमविभागणी समजावताना टाचणीच्याच कारखान्याचे उदाहरण घेतले आणि तिथेही क्रिया १८ च. अर्थशास्त्र शिकणारा प्रत्येक विद्यार्थी आजही त्या टाचणीपाशी थांबतो.

पण हाताच्या कामांवरच्या नोंदींनी सरकार हादरत नाही. सरकार आणि चर्च यांना खुपले ते दुसरे. पहिल्याच खंडात राजकीय सत्तेवर दीद्रोची नोंद आहे आणि तिचे सार असे की निसर्गाने कोणत्याही माणसाला दुसऱ्यावर हुकूम गाजवण्याचा हक्क दिलेला नाही. सत्ता एकतर बळाने येते, नाहीतर ज्यांच्यावर ती चालते त्यांच्या संमतीने. पंधराव्या लुईच्या परवान्याने छापलेल्या ग्रंथात हे वाक्य होते.

उघडपणे जे लिहिता येत नसे ते नोंदीनोंदींमधल्या दुव्यांतून सुचवले जाई. नरमांसभक्षकांवरची नोंद वाचा. मजकूर साधा, एका पाद्रीने लिहिलेला. शेवटी ‘हेही पाहा’ म्हणून ख्रिस्ताच्या देहाचा प्रसाद आणि वेदी यांवरच्या नोंदींकडे बोट. दुवे कसे वापरावेत हे दीद्रोने पाचव्या खंडातल्या ‘विश्वकोश’ याच नावाच्या नोंदीत लपवाछपवी न करता सांगितले आहे. काही दुवे विषय जोडतात, काही एकमेकांशी झुंजवतात, आणि ज्या गैरसमजावर समोरून हल्ला करता येत नाही त्याचा पाया आतून पोखरतात. त्याच नोंदीत हा सारा खटाटोप कशासाठी, तेही आहे. लोकांची विचार करण्याची रीत बदलावी. आपल्या मागून येणारे अधिक जाणते व्हावेत, आणि जाणते झाले म्हणून अधिक भले आणि सुखी.

मला सर्वांत आवडणारी नोंद मात्र एका झाडावर आहे. तार्तरीत एक झाड उगवते, ते हुबेहूब कोकरासारखे असते, देठावर उभे राहून भोवतालचे गवत खाते, कापले तर रक्त येते, आणि लांडग्यांना ते फार आवडते, अशी कथा शतकानुशतके विद्वान एकमेकांच्या ग्रंथांतून उतरवत आले होते. दीद्रो ती कथा शांतपणे सांगतो, ती नोंदवणाऱ्या थोर लोकांची नावे देतो. मग सांगतो की केंफर नावाचा प्रवासी हे झाड शोधायला गेला आणि त्याला ते मिळाले नाही, आणि हान्स स्लोनला मिळाले ते नेच्याचे केसाळ मूळ, कुणीतरी कोकराच्या आकारात तासलेले. इथे नोंद संपायला हवी. पण ती पुढे जाते आणि साक्ष कशी पारखावी याचा धडा होते. गोष्ट जितकी विलक्षण तितका पुरावा भक्कम हवा. सांगणाऱ्याने स्वतः पाहिले का? त्याचा त्यात काही फायदा होता का? शंभर जणांनी लिहिले आहे, पण ते सर्व एकाच माणसाचे ऐकून लिहिले असेल तर साक्षीदार शंभर नाहीत, एक आहे. ही नोंद कोकराविषयी नाही, चमत्कारांविषयी आहे, हे त्या वेळच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते. आज हातातल्या फोनवर दिवसभर येणाऱ्या बातम्यांना मी ही मोजपट्टी लावून पाहतो, आणि ती अजून सरळ आहे.

आणि ठाऊक नसेल तर? त्याच खंडात ‘अग्वाक्सिमा’ अशी एक नोंद आहे. ब्राझीलमधले एक झाड, एवढीच माहिती. त्याखाली दीद्रो वैतागून विचारतो की असली वर्णने करायची कुणासाठी? तिथल्या लोकांना ते झाड याहून अधिक ठाऊक आहे, आणि आपल्याला यातून काहीच कळत नाही. ज्ञानकोशाच्या पानावर संपादकाने आपले अज्ञान असे मांडून ठेवणे, हेही त्या युगाचे एक लक्षण मी धरतो.

दुसरा खंड निघाला आणि फेब्रुवारी १७५२ मध्ये राजाच्या मंत्रिमंडळाने दोन्ही खंडांवर बंदी घातली. हस्तलिखिते जप्त करण्याचा हुकूम सुटला. पुस्तकांच्या परवान्यांचा प्रमुख अधिकारी होता मालझेर्ब. दीद्रोच्या मुलीने दिलेली हकिगत अशी, की मालझेर्बने आदल्या दिवशी दीद्रोला निरोप पाठवला, उद्या तुमचे कागद उचलायला येत आहोत. एवढे कागद एका दिवसात कुठे हलवू, दीद्रोने विचारले. माझ्याकडे पाठवा, मालझेर्ब म्हणाला, तिथे शोधायला कुणी येणार नाही. हा सरकारी अधिकारी विवेकयुगाच्या गोष्टीत बहुधा तळटीपेत सापडतो. माझ्या मते त्याची जागा वर आहे. छपाईवर नजर ठेवणे हे ज्याचे काम, त्याला छपाई मोकळी असावी असे मनातून वाटत होते, आणि हुकूम व सद्सद्विवेक यांच्या मधली चिंचोळी वाट तो रोज शोधत असे. अनेक वर्षांनी त्याने सोळाव्या लुईचे वकीलपत्र घेतले, कारण तेव्हा राजाच्या बाजूने उभे राहायला कुणी धजत नव्हते. १७९४ मध्ये त्याचाही शिरच्छेद झाला.

बंदी विरघळली, मादाम द पाँपादूरसारख्या वजनदार व्यक्तींच्या पाठिंब्याने काम पुन्हा चालू झाले. पण १७५७ च्या जानेवारीत दाम्याँ नावाच्या इसमाने राजावर चाकूहल्ला केला आणि हवा बदलली. त्याच वर्षाअखेरीस सातवा खंड आला, त्यातल्या दालांबेरच्या जिनीव्हावरच्या नोंदीने तिथले धर्मगुरू भडकले. पुढच्या वर्षी एल्व्हेस्यूसच्या ‘मनाविषयी’ या पुस्तकावर वादळ उठले, आणि त्यात कोशालाही ओढले गेले. दालांबेर कंटाळून बाजूला झाला. रूसोशी मैत्री तुटली. ८ मार्च १७५९ रोजी परवाना रद्द झाला, आणि रोमहून पोपने ग्रंथ निषिद्ध ठरवला. वर्गणीदारांना प्रत्येकी ७२ लिव्र परत करा, असा हुकूम निघाला. चार हजारांच्या घरात वर्गणीदार होते. पैसे मागायला जवळपास कुणीच आले नाही. प्रकाशकांनी फक्त चित्रखंडांचा वेगळा परवाना मिळवला आणि ती रक्कम त्यात वळती केली. मजकुराचे उरलेले दहा खंड गुपचूप छापत राहायचे ठरले. परदेशात जाऊन छापा, असे व्हॉल्तेअरने सुचवले. दीद्रो हलला नाही. वर्गणीदारांचे पैसे घेतले आहेत, कारागीर, जुळारी, चित्रकार सगळे इथे आहेत, त्यांना सोडून कुठे जायचे, असा त्याचा विचार होता.

या अंधाऱ्या वर्षांत काम तरले ते एका माणसामुळे. शेव्हालिए द झोकूर. सरदार घराण्यातला, प्रॉटेस्टंट, लायडनला वैद्यक शिकलेला. तरुणपणी अनेक वर्षे खपून त्याने सहा खंडांचा वैद्यककोश लिहिला, हस्तलिखित ॲमस्टरडॅमला छापायला पाठवले, आणि जहाज बुडाले. अशा माणसाने पुन्हा लेखणी उचलली आणि दीद्रोच्या कोशासाठी सुमारे १७,००० नोंदी लिहिल्या, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. दिवसाचे तेरा-चौदा तास, चार-पाच लेखनिक हाताशी धरून. लेखनिकांचा पगार भागवायला त्याने पॅरिसमधले आपले घर विकले. विकत घेतले ते मुद्रक ल ब्रताँने, ज्याच्यासाठी तो फुकट राबत होता. झोकूरच्या बऱ्याच नोंदी इतर पुस्तकांतून संकलित केलेल्या, सपक आहेत, असे म्हणायची पद्धत आहे. आपल्याकडे श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड कोणत्या ओढाताणीत तडीस नेले, हे ज्याने वाचले आहे तो असे म्हणणार नाही. कोश हा प्रतिभेने सुरू होतो आणि हमालीने पुरा होतो.

गुलामांच्या व्यापारावरची नोंद याच झोकूरची. तिच्यात तो म्हणतो की हा व्यापार धर्माला, नीतीला आणि निसर्गाच्या नियमाला सोडून आहे. विकत घेतलेला माणूस कधीच कुणाची मालमत्ता होत नाही. वसाहती बुडतील म्हणता? बुडू देत, पण एवढी माणसे दुःखात ठेवू नका. त्या काळात हे लिहायला छाती लागत होती. आणि याच कोशाच्या चित्रखंडांत साखरेच्या आणि निळीच्या मळ्यांची चित्रे आहेत. चरक, कढया, पाण्याची चाके सगळी नेटकी मोजून मांडलेली, आणि त्यांवर काम करणारे आफ्रिकी गुलाम त्या मांडणीचाच एक भाग असल्यासारखे. यंत्र कसे चालते ते सांगितले आहे. ते कुणाच्या जिवावर चालते, हा प्रश्न त्या पानावर नाही. दीडशेच्या आसपास लेखकांनी लिहिलेला हा ग्रंथ एका आवाजात बोलत नाही, आणि त्यातला विवेक सगळीकडे सारखा पोहोचलेला नाही. त्या युगाचा गौरव करताना ही दोन्ही पाने शेजारी उघडी ठेवायला हवीत असे मला वाटते.

सर्वांत मोठा घाव घरातूनच बसला. नोव्हेंबर १७६४. शेवटचे खंड छापून होत आले होते. दीद्रोला सारासेनांवरच्या आपल्या नोंदीतले काही पाहायचे होते म्हणून त्याने छापील फर्मा उघडला, आणि त्याला दिसले की नोंद त्याची नाही. तुकडे कापलेले, टोके जोडलेली, धार बोथट केलेली. दुसरी नोंद पाहिली, तीही तशीच. ल ब्रताँ हा राजाचा मुद्रक. बास्तीलच्या तुरुंगाची भीती त्याच्या मनात बसली होती. दीद्रोने मुद्रिते तपासून सही केली की हा माणूस आपल्या हाताखालच्या माणसाला घेऊन त्यांवर पुन्हा लेखणी चालवत होता, आणि मूळ हस्तलिखिते जाळून टाकत होता. लेखकांना पत्ता नाही, संपादकाला पत्ता नाही. दीद्रोने १२ नोव्हेंबरला त्याला लिहिलेले पत्र आजही वाचायला मिळते. त्यातला संताप आणि दुःख अडीचशे वर्षांनंतर अंगावर येते. वीस वर्षांचे आयुष्य ज्यात घातले त्याचा गाभा रात्रीतून काढून नेला होता, आणि दुरुस्त करायला मूळ प्रतही शिल्लक नव्हती.

त्याने काम सोडले नाही. बाहेर वाच्यता केली असती तर ग्रंथ छापला जातोय हेच उघड झाले असते. १७६५ च्या अखेरीपासून शेवटचे दहा खंड वर्गणीदारांना मिळू लागले, मुखपृष्ठावर स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलचा खोटा पत्ता. ल ब्रताँला मात्र बास्तील चुकली नाही. बंदी असताना प्रती वाटल्याबद्दल १७६६ मध्ये त्याने तिथे आठवडा काढला. कापाकापी केलेल्या मुद्रितांचा एक गठ्ठा त्याने स्वतःजवळ ठेवला होता. पुढे विसाव्या शतकात तो अमेरिकेत एका संग्राहकाच्या हाती आला आणि १९४७ मध्ये त्यावर पुस्तक निघाले. फिरवलेल्या रेघांखालचा दीद्रोचा मजकूर जवळजवळ दोन शतकांनी काही प्रमाणात तरी वाचता आला.

ग्रंथ महाग होता. सुरुवातीला २८० लिव्र सांगितलेली किंमत शेवटी हजाराच्या आसपास गेली. ज्यांचे कसब त्यात उतरवले होते ते सुतार, लोहार, विणकर तो विकत घेऊ शकत नव्हते. पुढे लहान आकाराच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि १७८९ च्या आत साऱ्या आवृत्त्या मिळून सुमारे २४,००० संच युरोपभर गेले. दीद्रोच्या हाती फारसे काही लागले नाही. मुलीच्या लग्नाला पैसे हवेत म्हणून त्याने आपला ग्रंथसंग्रह विकायला काढला. १७६५ मध्ये रशियाच्या कॅथरीनने तो १५,००० लिव्रना घेतला, त्याच्याच घरी राहू दिला आणि त्यालाच त्याचा पगारी ग्रंथपाल नेमले.

चित्रखंडांमध्ये १७६३ साली आलेल्या एका खंडात चाकू-सुऱ्या घडवणाऱ्यांचे काम आहे. वर दुकान, सहाणेचा दगड, तो फिरवणारे मोठे चाक, ऐरण. खाली हत्यारे ओळीने. त्याच खंडात थोडे पुढेमागे शस्त्रक्रियेची हत्यारे आहेत, पानांमागून पाने. मुठी, पाती, वाकडी टोके, सगळी खऱ्या वस्तूवरून काढलेली, लाँग्रच्या त्या दुकानातून जी बाहेर पडत त्याच जातीची. दिदिए दीद्रोंनी ही पाने पाहिली नाहीत. ते जून १७५९ मध्ये लाँग्रला वारले. राजाने ग्रंथाचा परवाना काढून घेतल्याला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते, आणि मुलगा पॅरिसमध्ये उरलेल्या खंडांच्या कामात होता.